शिरपती, तुझं भुंकणारं लिनक्स

शिरपती, मी तुझ्यावर रागावलोय. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. पण तू होतास तेव्हा तरी माझा राग तुला कुठं पोचायचा? तू तिकिटाच्या मशिनीकडं बघत हसायचास आणि मी कंट्रोलरच्या खिडकीत बसून ओरडायचो. आता तर ओरडायचीही सोय राहिली नाही.

भूमच्या स्टँडवर गेलो की लोक तुझ्याबद्दल चांगलंच बोलतात. कंडक्टर असावा तर शिरपतीसारखा, म्हाताऱ्या माणसाला हात धरून उतरवायचा, सुट्या पैशावरून कधी तोंड वाकडं केलं नाही. मी ऐकून घेतो, मान हलवतो. खरंच आहे ते. पण रिटायर झाल्यावर तू रोज संध्याकाळी काय करायचास ते त्यातल्या एकालाही माहीत नाही. ते तुला माहीत होतं आणि मला. तू निघून गेलास आणि ते ओझं माझ्या एकट्याच्या डोक्यावर ठेवून गेलास. हे काही बरं केलं नाहीस.

तुझं तेरावं झालं. परवा तुझ्या रेखाचा फोन आला, "काका, जरा घरी येता का? दादाचा लॅपटॉप हाय, त्याला फॉरमॅट मारून द्या. माझी पोरगी कॉलेजला जायलीय, तिला लागतोय. उद्या दुपारच्या गाडीनं मी लोहाऱ्याला निघणार." मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि पलंगावर तसाच बसून राहिलो. आमच्या घरातनं विचारलं, काय झालं, कुणाचा फोन? मी म्हटलं, शिरपतीचा.

तुझ्या पोरीला काय सांगायचं होतं मी? त्या लॅपटॉपमधे तिचा भाऊ आहे म्हणून?

पहिल्यापासून आठवायला लागलो. तुझा दत्ता गाडीवरून येताना गेला. त्याच्या खोलीवरच्या पोरांनी त्याची बॅग आणून दिली, त्यात हा लॅपटॉप. सुरू केला की विंडोज पासवर्ड मागायचं. तू काय काय टाकून बघितलंस, त्याचं नाव, जन्मतारीख, वहिनींचं नाव, शेवटी शेळीचं नाव. काहीच लागेना. बाजारातल्या दुकानदारानं सांगितलं, फॉरमॅट मारला की चालू होईल, पण आतलं सगळं जाईल. तू तो गुंडाळून बगलेत मारून माझ्याकडं आलास. चहा घेतला नाहीस.

माझी भाची शबाना पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करते. तिला फोन लावला. ती म्हणाली, "मामू, पासवर्डची गरजच नाही. लिनक्स म्हणून असतं, विंडोजसारखंच, फुकट. ते पेनड्राइव्हवरून सुरू करा. आतल्या डिस्कला हात न लावता चालतं, आणि आतल्या फाइली दाखवतं." तू विचारलंस, कोणतं लिनक्स? ती म्हणाली, लई आहेत. मी तुला समजावून सांगितलं की बियाण्याचे जसे वाण असतात तसे हे वाण, ज्वारी एकच. तू म्हणालास, "मग आपल्या रानाला कोणतं लागंल ते बघावं लागंल." तिथून सुरू झालं सगळं. दोन म्हातारे, दोघांनाही माऊस नीट धरता येत नव्हता.

आपला पहिला येडेपणा आठवतो का? माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर, मोबाईलचं नेट लावून उबुंटू उतरवलं. दिवसाचा डेटा संपला म्हणून अर्धं त्या दिवशी, अर्धं दुसऱ्या दिवशी. मग ती फाइल धरली आणि गाणी भरतात तशी पेनड्राइव्हवर टाकली. लॅपटॉपला लावली. काही नाही. पुन्हा पासवर्डच. तू म्हणालास, पेनड्राइव्ह उलटा बसला असंल. उलटा बसवायला गेलास तर जाईना. मग तू त्याच्यावर फुंकर मारलीस. शबानाला सांगितलं तर ती फोनवर इतकी हसली की मला तिला दटावावं लागलं. ती फाइल नुसती टाकायची नसते, वेगळं सॉफ्टवेअर घेऊन पेनड्राइव्हवर लिहायची असते. त्या दिवशी तूही हसलास. दत्ता गेल्यानंतर पहिल्यांदा हसलास, आणि मग एकदम गप्प झालास, काहीतरी चुकल्यासारखा.

उबुंटू एकदाचं उघडलं. त्या जुन्या लॅपटॉपला ते जड जात होतं, चढावर भरलेली गाडी घातल्यासारखं घरघरत होतं. पण उघडलं. डिस्कवर टिचकी मारली, दत्ताच्या नावाचा फोल्डर होता. फोटो, कॉलेजचं काहीबाही, आणि मोबाईलवरून उतरवलेले व्हिडिओ. पहिलाच लावला. तुमचं अंगण. वहिनी चुलीपुढं. दत्ता दिसत नाही, कारण मोबाईल त्याच्याच हातात. त्याचा आवाज तेवढा येतो, "आई, काय करायलीस?" वहिनी मान वर न करता म्हणतात, "दिसत न्हाय का? भाकरी थापायले. त्यो डबा बाजूला ठेव अन् पाणी आण." दत्ता हसतो. मागनं तुझाही आवाज येतो, कुणावर तरी ओरडायलास, बहुतेक शेळीवर. तेवढंच आहे. अर्धा मिनिटसुद्धा नसेल.

वहिनी तेव्हा शेळ्यांकडं गेल्या होत्या. तू लॅपटॉपचं झाकण लावलंस आणि माझा हात धरलास. "इस्माईल, हिला सांगू नको."

"अरे, आई आहे ती त्याची," मी म्हटलं.

"म्हणूनच सांगायलोय. शपथ घे."

मी शपथ घेतली. अल्लाची घेतली, तुझ्यासमोर, तुझ्या घरात. आणि त्यावरून आपण पुढं किती भांडलो. मी दर आठवड्याला म्हणायचो, सांग तिला, तिचा हक्क आहे. तू म्हणायचास, "सांगितलं तर आमा दोघांना बोलावं लागंल. आमी अजून बोललो न्हाय त्यावर." खरं होतं ते. दत्ताचं नाव तुमच्या घरात निघायचं बंद झालं होतं. भिंतीवर फोटोसुद्धा लावला नाही. वहिनी म्हणाल्या नको, तू म्हणालास बरं. तुमचं घर मला त्या काळात सोसवायचं नाही, शिरपती. भांडी घासल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा.

दुसरं भांडण लिनक्सचं. मला वाटायचं एक धरावं आणि बसावं. उबुंटूमधे एकदा इन्स्टॉल करायला गेलो तर त्यानं विचारलं, डिस्क पुसून टाकून बसवू का? तू वाचलंस आणि सरळ पेनड्राइव्हच उपटलास. तेव्हापासून तुझं ठरलं, आत काही बसवायचं नाही. पेनड्राइव्हवरच चालवायचं. मी म्हटलं, ठीक आहे, पण दत्ताच्या फाइलींची एक नक्कल तरी काढून ठेवू. तर म्हणालास, "नक्कल कशाला? त्यानं जिथं ठेवलंय तिथं हाय की." असल्या माणसापुढं काय डोकं फोडायचं? म्हणजे बघ, साऱ्या दुनियेत तो आवाज एकाच डिस्कवर, आणि तिच्यावर तू आणि मी नवशिके बसलेलो.

मग आपण वाण बदलत राहिलो. फेडोरा घातलं, त्यात तो व्हिडिओच चालेना. डेबियन घातलं, त्याला वायफाय सापडेना, आवाजही येईना. तू महिनाभर त्याच्याशी झटलास, रोज संध्याकाळी फोटो बघून बंद करायचास, पण तोंड उतरलेलं असायचं. मग मी मिंट आणलं. शिरपती, मिंट किती चांगलं होतं! व्हिडिओ चालला, आवाज आला, विंडोजसारखं दिसायचं. मी माझ्या घरी आजही तेच वापरतो. तू चार दिवसांत नाक मुरडलंस. कारण विचारलं तर म्हणतोस, "ह्ये मुक्यासारखं सुरू होतंय."

"मग काय सुरू होताना बँड लावायचा काय?" मी चिडलो होतो.

मला वाटलं, म्हातारचळ लागला.

शेवटी शबानानं पपीचं नाव सांगितलं. जुन्या यंत्रासाठी असतं, लई हलकं. पपी म्हणजे कुत्र्याचं पिल्लू, हे तुला मी सांगितलं तेव्हा तू म्हणालास, बघू चावतंय का. लावलं. चटकन सुरू झालं, आणि पडदा दिसला तसं लॅपटॉपमधनं कुत्रं भुंकलं. खरंखुरं, भों भों. दोनदा. आतनं वहिनी ओरडल्या, "कुत्रं आत आलं का बघा हो!" तुझा चेहरा मला अजून दिसतो. तुझा बाप मेंढरं घेऊन रानोमाळ फिरला, तू लहानपणी कुत्र्यांत झोपलास. मला वाटलं, त्यामुळं खूश झालास. "ह्ये राहू दे," म्हणालास. "ह्येला चारायबी लई लागत न्हाय."

तेव्हापासून पपीच. तीन-चार वर्षं झाली असतील. आणि तेव्हापासून आपलं तिसरं भांडण, सगळ्यात मोठं. पपी बंद करताना दरवेळी विचारतं, तुम्ही केलेलं सेव्ह करून ठेवू का? सेव्ह केलं की पुढच्या वेळी सगळं जसंच्या तसं मिळतं. नाही केलं तर सगळं पहिल्यापासून. वेळ चुकलेली, पडदा लहान, मराठी लिपी नाही, सगळं पुन्हा जुळवा. तू दरवेळी नको म्हणायचास. रोज. मी समोर बसलेला असलो की कपाळावर हात मारून घ्यायचो. अरे माणसा, हो म्हण की एकदा, कशाला रोज नवा संसार मांडतोस? तू म्हणायचास, "एकदा वळखलं की कुत्रं भुंकत न्हाय." खरंच होतं ते, मी तपासलं होतं. सेव्ह केलं की पपी पुन्हा भुंकत नाही, फक्त पहिल्यांदा भुंकतं. मग मी म्हणायचो, बरं झालं, शेजारपाजारचे तरी शांत राहतील. तू हसायचास आणि नको दाबायचास.

आवाजाचाही मला त्रास व्हायचा. तू तो व्हिडिओ मोठ्यानं लावायचास. मी म्हटलं वहिनी ऐकतील, तर म्हणालास, ती आत चुलीकडं असती, तिचा पंखा खडखडतो, काय ऐकू येतंय तिला. तरी माझा जीव खालीवर. मी बार्शीला गेलो होतो तेव्हा तुझ्यासाठी कानात घालायचे इअरफोन आणले. तू घेतलेस, खिशात टाकलेस. पुन्हा दिसले नाहीत. आणि खिडकीपाशी चांगला उजेड असताना तू स्टूल सरकवून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलंस. का, तर म्हणे तिथं बटण जवळ पडतं. मी ते खरं मानलं. कंट्रोलर म्हणून एवढी वर्षं लोकांच्या थापा पकडल्या, आणि तुझी एक पकडता आली नाही.

काल तुमच्या घरी गेलो. बसायच्या खोलीत तू जिथं असायचास तिथं आता फोटो आहे. नवी फ्रेम, फुलं सुकलेली. बाजूला दत्ताचा नाहीच. स्टूल तिथंच भिंतीपाशी, त्यावर लॅपटॉप, पेनड्राइव्ह लावलेला तसाच. रेखानं त्यासाठी रिकामी पिशवी काढून ठेवली होती. "काका, गाडीला अजून वेळ हाय. होईल ना तोवर?"

मी स्टुलापुढं बसलो. रात्रभर ठरवून आलो होतो की रेखाला कळू न देता दत्ताचा फोल्डर आधी माझ्या पेनड्राइव्हवर घ्यायचा, मग डिस्क पुसायची. शपथही राहील आणि पोरगाही राहील. पण तिथं बसलो आणि हात उचलेना. तुझ्याशी इतकी वर्षं नकलेवरून भांडलो, आणि आता तू नाहीस, तर नक्कल मलाच खोटी वाटायला लागली. जिथं ठेवलंय तिथं आहे की. माझ्याच डोक्यात तुझा आवाज. मी तुला शिव्या घातल्या, मनातल्या मनात, पण घातल्या.

रेखा शेजारी निरोप घ्यायला गेली. वहिनी आतनं आल्या. पदराला हात पुसत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तू गेल्यापासून त्या वाळल्यात, शिरपती, डोळे आत गेलेत. मग म्हणाल्या, "भाऊ, पुसायच्या आधी एकदा सुरू करा की. कुत्रं भुंकू द्या एकदा."

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. "वहिनी, त्या कुत्र्याचं तुम्हाला काय..."

"रोज ऐकायचे की. ते भुंकलं की मी पंखा बंद करायचे."

"कशाला?"

"पंख्याचा आवाज लई हाय. दत्ताचं ऐकू येत न्हाय."

तौबा. त्याच बोलत राहिल्या, भिंतीकडं बघत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली परात पडली होती. धावत येणार होते, पण उंबऱ्यातच थांबले. ह्यांची पाठ दिसली. म्हटलं, मी आत गेले तर हे बंद करतील आणि पुन्हा कधी लावणार न्हाईत. मग रोज त्या वेळेला चुलीपाशीच थांबायचे. "मधी लई दिवस आवाज न्हवता, भाऊ. चारेक दिवस आला अन् पुन्हा बंद. मला वाटलं, सपलं. ह्यांनी बघायचं सोडलं. इचारावं तरी कसं? मग एक दिवस ते कुत्रं आलं. त्या दिवशी मी जेवले बघा नीट."

ते डेबियनचे दिवस, शिरपती. आपण दोघं तिकडं आवाजाचा ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर शोधत बसलो होतो आणि इकडं भिंतीपलीकडं ती बाई दिवस मोजत होती.

मी लॅपटॉप सुरू केला. पपी आलं, भुंकलं. वहिनी वळून आत गेल्या. मला वाटलं सहन होत नाही म्हणून गेल्या. तेवढ्यात पंखा बंद झाल्याचा आवाज आला, आणि त्या परत आल्या. मी स्टूल त्यांच्याकडं फिरवलं. त्यांनी ते चित्र कधी बघितलंच नव्हतं, नुसता आवाज ऐकला होता. स्वतःला चुलीपुढं बसलेलं बघितलं, दत्ता म्हणाला, "आई, काय करायलीस?" आणि वहिनी पडद्याकडं एकटक बघत राहिल्या. शेवटी तू मागनं ओरडलास तेव्हा त्यांनी तोंडाला पदर लावला. आम्ही तिघंही त्यात होतो, भाऊ, एवढंच म्हणाल्या. पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

रेखा दारात येऊन कधी उभी राहिली मला कळलं नाही. तिनं चप्पलही काढली नव्हती. फॉरमॅटचं ती पुन्हा काही बोलली नाही. आईला धरून रडली आणि दुपारच्या गाडीनं रिकाम्या पिशवीसह गेली.

ती गेल्यावर मी स्टुलाखालचा खण उघडला, असाच, काहीतरी करायचं म्हणून. इअरफोन तिथं होते. पाकीटही फोडलं नव्हतंस.

शिरपती, तुला ठाऊक होतं काय रे? मिंट मुकं म्हणून नको, डेबियनला आवाज नाही म्हणून तोंड उतरलेलं, भिंतीला लावलेलं स्टूल, मोठा आवाज, रोज नव्यानं भुंकणारं ते कुत्रं. तू वहिनीला हाक मारत होतास काय रोज संध्याकाळी? एवढं करण्यापेक्षा तोंडानं हाक मारायची होतीस. नाव घ्यायचं होतंस पोराचं. भिंत केवढी ती, एका विटेची. मला लई राग येतोय तुझा, आणि रडूही येतंय, आणि तू नाहीस. वहिनींना मी यातलं काही बोललो नाही. त्या इअरफोनकडं त्यांनी बघितलं मात्र, आणि मग बराच वेळ त्या भिंतीवर हात ठेवून बसल्या.

चहा झाला. निघायचं म्हणून मी लॅपटॉप बंद करायला घेतला. पपीनं नेहमीसारखं विचारलं.

"काय म्हणतंय ते?" वहिनींनी विचारलं.

"सेव्ह करून ठेवू का म्हणतंय."

"हे काय म्हणायचे?"

"नको म्हणायचा. त्यावरून आम्ही लई भांडलो."

वहिनी उठल्या, आत जाऊन पंखा लावून आल्या. "उद्या याल का भाऊ, ह्याच वेळंला?"

येतो म्हटलं, आणि नको दाबलं.